फाईलला लावलेला चेक

या महिन्यात खरे तर परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या झोपेवर लिहायचे ठरवले होते. ते पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह. मध्येच आमच्याच घरात एक प्रकरण उभे राहिले. ते निस्तरताना लक्षात आले की, बी.एड. होऊन आणि वीस वर्षे मुलांना शिकवूनही ज्या कागदावर आपण सही करतो तो कागद काय आहे, हे आम्हाला माहीत नव्हते. मग वाटले, आपल्या वाचकांपैकीही पुष्कळांना नसेल.

दुसरा तास चालू होता. शिपायाने वर्गाच्या दारात येऊन सांगितले, "सर, पोस्टमन आलाय, तुमचीच सही पाहिजे म्हणतो." रजिस्टर पाकीट होते. आत वकिलाची नोटीस. आम्ही एका पतसंस्थेला दिलेला २,१८,४०० रुपयांचा चेक वटला नाही, खात्यात पुरेशी शिल्लक नव्हती, पंधरा दिवसांत रक्कम भरा, नाहीतर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१, कलम १३८ अन्वये फौजदारी दाखल करू. खाली आमचे पूर्ण नाव, शाळेचा पत्ता आणि हुद्दा.

आम्ही तर कुणालाही असा चेक दिलेला नव्हता. निदान तसे वाटत होते. मग आठवले. दोन वर्षांपूर्वी आमच्या मामेभावाने रेडिमेड कपड्यांचे दुकान टाकले. पतसंस्थेने कर्ज मंजूर केले, पण पगारदार जामीनदार हवा म्हणाली. आपल्या नात्यागोत्यात एखादा शिक्षक असला की तो सगळ्यांचा जामीनदार असतो, हे काही नवीन नाही. मुमानी स्वतः घरी आल्या. आम्ही पगारपत्रक दिले, फॉर्मवर सह्या केल्या. शेवटी मॅनेजर म्हणाले, "सर, दोन चेक सही करून द्या. फक्त फाईलला लावायचेत." ना नाव, ना तारीख, ना रक्कम. नुसती सही. आम्ही दिले आणि चहा पिऊन घरी आलो.

भावाचे दुकान वर्षभर बरे चालले. मग समोर मोठे दुकान आले आणि याचे हप्ते थांबले. त्याने लाजेपोटी आम्हाला सांगितले नाही. पतसंस्थेने आमचा चेक काढला, रक्कम आणि तारीख भरली आणि बँकेत टाकला. आमच्या खात्यात त्या दिवशी चाळीसेक हजार होते. बँकेचा मेसेजही मोबाईलवर आला होता म्हणे. बँकेचे दिवसाला दहा मेसेज येतात, त्यातला तो एक, न वाचलेला.

त्या संध्याकाळी घरात माणसे जमली आणि जो तो कायदेपंडित झाला. एकाचे म्हणणे, नोटीस घ्यायलाच नको होती, पाकीट परत पाठवायचे. दुसरा म्हणाला, उद्याच्या उद्या ते खाते बंद करा. तिसऱ्याचा सल्ला, बँकेला 'पेमेंट थांबवा' असे पत्र द्या आणि मागची तारीख टाका (हा सल्ला देणारे गृहस्थ पाच वेळचे नमाजी आहेत, म्हणून जास्त वाईट वाटले). चौथे म्हणाले, कर्ज त्याने घेतले, आधी त्याच्याकडून वसूल करू देत, जामीनदाराचा नंबर शेवटी. शारजाहहून मोठ्या मामेभावाचा फोन आला. तो म्हणाला, "भाईजान, इथंसुद्धा आता चेकसाठी जेल नाही, कायदा बदलला. तुम्ही उगाच घाबरता."

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याच्या कोर्टात आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. दहावीला गणितात तो कसाबसा पास झाला होता. आज वकील आहे आणि दिवस मोजण्यात त्याची चूक होत नाही. त्याने आधी कर्जाची हकिगत विचारलीच नाही. विचारले, "सर, पाकीट कोणत्या तारखेला घेतलंत?" आम्ही सांगितले. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून पंधरा घरे मोजली आणि शेवटच्या घरावर पेन्सिलीने खूण केली. मग म्हणाला, "या तारखेपर्यंत पैसे गेले तर गुन्हाच झाला नाही. त्यानंतर झाला."

हे आम्हाला नवीन होते. आम्ही समजत होतो की, चेक परत आला त्याच क्षणी गुन्हा घडतो. तसे नाही. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत चेकधारकाने लेखी मागणी करायची. ती मिळाल्यापासून पंधरा दिवस चेक देणाऱ्याला. त्या पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर गुन्हा पूर्ण होतो आणि पुढच्या एका महिन्यात चेकधारकाने मॅजिस्ट्रेटकडे लेखी तक्रार करायची. पोलीस यात गुन्हा नोंदवत नाहीत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे. पण समन्सकडे पाठ फिरवून घरी बसले की वॉरंट निघते, आणि मग गल्लीत पोलिसांची गाडी उभी राहते ती त्यामुळे.

घरी मिळालेल्या सल्ल्यांचा त्याने एकेक करून निकाल लावला. पाकीट नाकारले तरी, पत्ता बरोबर असेल तर कोर्ट नोटीस पोचली असेच धरते. खाते बंद केले तरी कलम लागते, पेमेंट थांबवले तरी लागते. सर्वोच्च न्यायालयाने हे नव्वदच्या दशकातच स्पष्ट केले आहे. मागची तारीख टाकणे म्हणजे एका गुन्ह्यावर दुसरा चढवणे. जामीनदाराचा नंबर शेवटी, हा तर निव्वळ गैरसमज. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आणि त्याच वेळी असते. जामीनदाराने दिलेला चेकही कलम १३८ मध्ये येतो, असा २००२ चा निकाल आहे.

आम्ही विचारले, "पण चेक तर कोरा होता. रक्कम त्यांनी भरली."

तो म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला शिकवायचात, पेपरवर नाव लिहिलं की पुढं जे लिहिलंय ते तुमचं. तसंच आहे हे." २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी सही करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. सही तुमची असे एकदा मान्य झाले की, चेक देण्यापोटीच दिला होता असे कोर्ट आधी गृहीत धरते. तसे नव्हते हे तुम्ही दाखवायचे. चोरीच्या खटल्यात सरकार सिद्ध करते आणि आरोपी गप्प बसला तरी चालते. इथे गप्प बसून चालत नाही.

हा कायदा असा कडक का झाला, हेही त्याने सांगितले. मूळ कायदा इंग्रजांच्या काळातला, १८८१ चा, पण त्यात चेक परत गेला म्हणून कैद नव्हती. पैसे बुडाले तर दिवाणी दावा लावा, एवढेच. लोक चेक घ्यायला तयार होईनात. म्हणून १९८८ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९८९ पासून हा फौजदारी गुन्हा ठरला. तेव्हा शिक्षा एक वर्षापर्यंत होती, २००२ च्या दुरुस्तीने ती दोन वर्षे झाली. परिणाम असा की, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्वतःहून हा विषय हाती घेतला तेव्हा देशभरात चेकचे सुमारे ३५ लाख खटले पडून होते. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने हा गुन्हा फौजदारीतून काढावा का, अशी विचारणा केली होती. व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि कलम जागच्या जागी राहिले.

शारजाहवाल्या भावाचे म्हणणे अर्धे खरे निघाले. आपल्या कोकणातल्या कित्येक घरांना अमिरातीतला चेक चांगला ठाऊक आहे. घरभाड्याचे वर्षभराचे पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यायचे आणि एखादा परत गेला की तुरुंगाची धास्ती. तिथे २ जानेवारी २०२२ पासून, खात्यात पैसे नव्हते एवढ्यासाठीचा चेक फौजदारीतून काढला आहे. पण लबाडीने खाते बंद करणे, मुद्दाम सही चुकवणे हे अजूनही गुन्हेच. शिवाय खात्यात जितके असेल तितके बँकेने चेकधारकाला देऊन टाकायचे आणि उरलेल्यासाठी तो चेक घेऊन थेट अंमलबजावणी न्यायालयात जायचे, वेगळा दावा लावायची गरज नाही. म्हणजे कैद गेली, वसुली जलद झाली. आमच्या मते हे आपल्या पद्धतीपेक्षा शहाणपणाचे आहे. पण आमच्या मताने इथला कायदा बदलत नाही, आणि आमचे खाते शारजाहला नव्हते.

आता मुख्य गोष्ट. वकिलाने पतसंस्थेचा खातेउतारा आणि भावाचे पासबुक शेजारी ठेवून ताळा केला. भावाने भरलेले ८,००० चे दोन हप्ते उताऱ्यात जमाच नव्हते. म्हणजे देणे २,०२,४०० होते आणि चेक २,१८,४०० चा भरला होता. तो खुर्चीत सरसावून बसला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली असेल तर फेडलेली रक्कम धरून पूर्ण रकमेचा चेक टाकता येत नाही. चेक वटायला टाकला त्या दिवशी जेवढे देणे आहे तेवढ्यालाच हे कलम लागते. "सर, यावर केस लढता येईल. चार वर्षं सहज निघतील. कदाचित सुटालसुद्धा."

खोटे कशाला बोला, ऐकून बरे वाटले. चार वर्षांत मुलीचे शिक्षण झाले असते. तिच्या प्रवेशासाठी ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागला नसता. रात्री जेवताना हे घरी सांगितले. आमच्या बेगमने ताटात भाजी वाढता वाढता एवढेच विचारले, "पण घेतले होते ना पैसे? दोन लाख दोन हजार तर घेतलेच होते ना?"

मग लढायचे राहिले. तेराव्या दिवशी आम्ही २,०२,४०० रुपये पतसंस्थेच्या खात्यात भरले. ९०,००० मुलीच्या प्रवेशाच्या ठेवीतले, ७०,००० आमच्या शिक्षक पतपेढीतून काढलेले, ४२,४०० भावाने दुकानातला माल निम्म्या भावात विकून आणलेले. वकिलाने त्याआधी नोटिशीला उत्तर देऊन त्या दोन हप्त्यांच्या पावत्या जोडल्या होत्या. पतसंस्थेने चूक मान्य करून, येणे पूर्ण फिटले आणि नोटीस मागे घेतली, असे पत्र दिले. ते पत्र मिळाल्याशिवाय ऑफिसमधून उठायचे नाही, असे वकिलाने बजावले होते. दुपारी साडेतीनपर्यंत बसलो.

काही वाचक विचारतील की, व्याजाचे कर्ज काढलेच का, आणि त्याला जामीन राहिलातच का. प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे त्याला चांगले उत्तर नाही.

खरा त्रास पुढे झाला. आता भावाकडे आमचे १,६०,००० निघत होते. महिना ५,००० द्यायचे असे ठरले. आम्ही एका कागदावर रक्कम, हप्ता आणि तारीख लिहिली आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायचे म्हटले. मुमानी उठूनच गेल्या. "माझ्या लेकराकडून लिहून घेतोस? लहानपणी माझ्या हातचं खाल्लंस." आम्ही सांगून पाहिले की, कर्ज ठरल्या मुदतीचे असेल तर लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हा हुकूम सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि कुरआनची सर्वांत लांब आयत तीच आहे. आपल्या पूर्वजांना कागदाचे वावडे नव्हते. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहारा वाळवंटाच्या काठावरच्या औदागुश्तमध्ये ४२,००० दिनारांचा एक लेखी दस्त पाहिल्याचे नोंदवले आहे. अरबीत अशा दस्ताला 'सक्क' म्हणत. मुमानींना इब्न हौकलशी काही देणेघेणे नव्हते. पंधरा दिवस बोलल्या नाहीत. भावाने मात्र निमूट सही केली. म्हणाला, "भाईजान, पतसंस्थेला न वाचता केली. ही वाचून करतो."

याच धामधुमीत शेजारच्या आपा त्यांचा चेक घेऊन आल्या. त्या शिवणकाम करतात. एका ठेकेदाराला त्यांनी गणवेश शिवून दिले. त्याने ३४,००० चा चेक दिला, तो परत आला. ठेकेदार दर आठवड्याला म्हणायचा, "आपा, पुढच्या जुम्म्याला नक्की." असे पाच महिने गेले. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, २०१२ पासून हा नियम आहे. पूर्वी सहा महिने चालायचा. नोटिशीचे तीस दिवस हुकले तरी तीन महिन्यांच्या आत तोच चेक पुन्हा बँकेत टाकता आला असता आणि तो परत आल्यावर नव्याने तीस दिवस मिळाले असते. आपांनी दोन्ही मुदती भिडेपोटी घालवल्या. आता त्यांना दिवाणी दाव्याची वाट उरली आहे, तीन वर्षांच्या आत. स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. आपांचा अर्ज आम्ही परवाच लिहून दिला. मुदतीत असत्या तर आपल्या बँकेची शाखा ज्या कोर्टाच्या हद्दीत आहे तिथेच त्यांना तक्रार करता आली असती, ठेकेदाराच्या गावी जावे लागले नसते. खटला चालू असताना रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला लावण्याचा अधिकारही २०१८ पासून कोर्टाला आहे. आणि तडजोड कुठल्याही टप्प्यावर होऊ शकते, लोकअदालतीतही.

आपांच्या चेकबद्दल बोलताना दुसऱ्या बायकांनीही आपापले सांगितले आणि आम्ही चरकलो. दोघींच्या चेकबुकवर सगळ्या पानांवर त्यांच्या सह्या करून ठेवलेल्या आहेत आणि बुक नवऱ्याच्या दुकानात गल्ल्यात असते. "यांना लागतं ना." खाते जोडीचे असले तरी कलम १३८ मध्ये जबाबदार धरतात ते चेकवर सही असणाऱ्याला. व्यवहार नवऱ्याचा, उधारी नवऱ्याची आणि समन्स बीबीच्या नावाने, असे तालुक्याच्या कोर्टात कुठल्याही सोमवारी पाहायला मिळते, असे आमचा वकील सांगतो. त्या बायकांना कोर्टाच्या आवारात बुरख्यात, मांडीवर मूल घेऊन, तारीख पुकारण्याची वाट पाहत बसावे लागते. भाऊ, नवरा, दीर यांनी हे वाचावे म्हणून लिहीत आहोत. सही करणाऱ्या बहिणीने वाचले तर जास्त चांगले.

चेकबुकच नाही म्हणून आपण सुटलो, असेही नाही. मोबाईल किंवा फ्रीजच्या हप्त्यासाठी खात्यातून आपोआप पैसे कापायची जी परवानगी देतो, ती परत गेली तरी २००७ च्या वेगळ्या कायद्याप्रमाणे याच मापाची शिक्षा आहे. देणगीचा किंवा भेटीचा चेक परत गेला तर मात्र हे कलम लागत नाही, कारण तिथे देणे नसते. निकाहात मेहरचा चेक देतात, त्याचे काय, असे एका बहिणीने विचारले. मेहर ही भेट नाही. आपल्या न्यायालयांनीही मेहरला नवऱ्यावरचे कर्ज मानले आहे. तेव्हा तो चेक भेटीच्या सदरात ढकलता येणार नाही, असे आम्हाला वाटते. तरी वकिलाला विचारूनच पाऊल टाकावे.

तारणाचा चेक द्यावाच लागला तर निदान संस्थेचे नाव आणि रक्कम आपल्या हाताने लिहा. चेकचा नंबर आणि तो कशासाठी दिला हे लिहून संस्थेला पत्र द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. आम्ही यातले काहीही केले नव्हते.

भावाचे दोन हप्ते आले आहेत. दुसरा तीन दिवस उशिरा आला, पण आला. मुमानींनी ईदला शीरखुर्मा पाठवला, डबा मात्र अजून परत मागितलेला नाही. आणि आम्ही दिलेल्या दोन चेकपैकी एक अजून पतसंस्थेच्या फाईललाच आहे. मॅनेजर म्हणाले, "राहू द्या सर, शोधून ठेवतो." सोमवारी मधल्या सुट्टीत तो आणायला जाणार आहोत. वकिलाने लेखी अर्ज आधीच करून दिला आहे.